बल्गेरियन शिकवायला बसताय? मोठ्यांच्या वर्गासाठी पायरी-पायरीने

बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात, नवीन आलेला मराठी माणूस साधारण तिसऱ्या आठवड्यात विचारतो, "तुम्हाला येते ना इथली भाषा? मग आम्हाला शिकवा की." असं विचारणारे वाढत गेले आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरू झालेला प्रकार संध्याकाळचा वर्ग होऊन बसला. आता त्यात मराठी मंडळी दोन-तीनच असतात. बाकी युक्रेनहून आलेल्या बायका, एखादा अरबी बोलणारा, जोडीदाराच्या नोकरीमुळे इथे आलेले कोणी, आणि खेड्यात घर घेऊन निवृत्तीला आलेलं इंग्रज जोडपं.

मी स्वतः ही भाषा पस्तिशीत शिकले, त्यामुळे मोठ्या माणसाचा घसा कुठे अडकतो ते मला अजून आठवतं. ज्यांना बल्गेरियन बऱ्यापैकी येते पण शिकवायचा अनुभव नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. शिकणाऱ्यांनी वाचलं तरी बिघडत नाही.

एक खुलासा. बल्गेरियन शब्द मी देवनागरीत लिहिलेत. त्यातला साधा 'झ' हा 'ब्राझील'मधल्यासारखा वाचा. नुक्ता दिलेला 'झ़' म्हणजे 'टेलिव्हिजन' म्हणताना मधे घासून येणारा आवाज.

पायरी १ : पुस्तक बाजूला, आधी चौकशी

पहिल्या भेटीत मी एकच प्रश्न विचारते: गेल्या आठवड्यात बल्गेरियन येत नाही म्हणून तुमचं कुठे अडलं? उत्तरं ऐकून घ्या आणि लिहून ठेवा, तोच तुमचा अभ्यासक्रम. कोणी म्हणतं घरमालकाशी, कोणी म्हणतं बाळाच्या पाळणाघरात, कोणी नुसतं "पोस्टात".

वैद्यकीय विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी. वार्ना, प्लोवदिव, प्लेवेन, सोफिया इथल्या वैद्यकीय विद्यापीठांत सहा वर्षांचा अभ्यासक्रम इंग्रजीतून करता येतो आणि त्यात भारतातली मुलंही असतात. पण खाटेवरची आजी इंग्रजी बोलत नाही. तिला "कदे वी बोली?" म्हणजे "कुठे दुखतंय?" असं विचारावं लागतं, आणि त्याहून अवघड म्हणजे तिचं उत्तर समजावं लागतं. अशा मुलाला संग्रहालयाची तिकिटं काढायचे संवाद शिकवत बसलात तर त्याचा आणि तुमचा, दोघांचा वेळ गेला. शरीराचे अवयव, "ओत कोगा?" (कधीपासून?), "दिशायते" (श्वास घ्या), "लेग्नेते" (आडवे व्हा) हे त्याच्या पहिल्या महिन्यात आलं पाहिजे.

पायरी २ : अक्षरं तीन हप्त्यांत

बल्गेरियन वर्णमालेत ३० अक्षरं आहेत. ती एका दमात फळ्यावर लिहू नका. मोठ्या माणसाला तीस अनोळखी आकृत्या एकदम दाखवल्या की तो मनातल्या मनात शाळेत परत जातो, आणि शाळा फारशा कोणाला आवडलेली नसते.

पहिला हप्ता: रोमन ए, ई, के, एम, ओ, टी यांच्यासारखी दिसणारी आणि जवळजवळ तशीच वाचली जाणारी सहा अक्षरं. एवढ्यांवर 'काक' (कसं), 'ताम' (तिथे), 'मामा' (आई) वाचून होतं. हो, इथे मामा म्हणजे आई. वर्गात पहिलं हसू इथे येतं.

दुसरा हप्ता ठकसेनांचा. रोमनसारखी दिसतात पण आवाज भलताच. 'बी'सारखं दिसतं ते 'व', 'एच'सारखं ते 'न', 'पी'सारखं ते 'र', 'सी'सारखं ते 'स', 'वाय'सारखं ते 'उ' आणि 'एक्स'सारखं ते घशातला हलका 'ह'. ही सहा मिळाली की एकूण बारा अक्षरं झाली, आणि बारा अक्षरांत रस्त्यावरच्या किती पाट्या वाचता येतात बघा: मेत्रो, कासा (पैसे भरायची खिडकी), मुसाका (बटाटा-खिम्याचा पदार्थ), रेस्तोरांत. नवखा माणूस उपाहारगृहाची पाटी 'पेक्टोपाट' अशी वाचतो. त्याला खोडू नका. त्याच पाटीचा फोटो फळ्याजवळ लावा आणि एकेक अक्षर बदलत जा. शेवटी 'रेस्तोरांत' दिसतो तेव्हा माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं, त्यासाठीच मी हा धंदा करते.

उरलेली अठरा अक्षरं तिसऱ्या हप्त्यात, आठवडाभर, पाट्यांवरूनच. 'अप्तेका' (औषधाचं दुकान) सर्वांत आधी घ्या, गरज लागतेच.

दोन गोष्टी पुस्तकं नीट सांगत नाहीत. एक, हाताने लिहिलेली अक्षरं छापील अक्षरांपेक्षा निराळी असतात. हाताचा 'त' रोमन 'एम'सारखा, 'द' रोमन 'जी'सारखा, 'प' 'एन'सारखा दिसतो. आणि बल्गेरियात बऱ्याच पाट्यांवर, पुस्तकांतही हीच वळणं छापलेली असतात. दुसऱ्याच आठवड्यात दाखवून टाका. दोन, घरमालकाचा निरोप फोनवर येतो तो बहुधा रोमन अक्षरांत, मनाला येईल तसा लिहिलेला. या लिखाणाला 'श्ल्योकावित्सा' म्हणतात. त्यात 'च' या आवाजासाठी ४ आणि 'श'साठी ६ हा आकडा टाकतात, कारण चार म्हणजे 'चेतिरी' आणि सहा म्हणजे 'शेस्त'. शब्दाच्या पोटात आकडे पाहून माझा एक विद्यार्थी ते खोलीच्या कुलपाचे अंक समजला होता आणि पाऊण तास दारात उभा होता.

जाता जाता: कोणाही बल्गेरियन माणसासमोर या लिपीला 'रशियन लिपी' म्हणू नका. ही लिपी नवव्या शतकाच्या अखेरीस बल्गेरियाच्या राज्यात, प्रेस्लावच्या ग्रंथशाळेत आकाराला आली आणि तिथून इतरांकडे गेली. २४ मे हा इथे अक्षरांचा सण आहे, सार्वजनिक सुट्टी असते. २००७ साली बल्गेरिया युरोपीय संघात आला तेव्हा रोमन आणि ग्रीकनंतर संघाची तिसरी लिपी म्हणून हीच गेली. युक्रेनच्या आणि रशियन बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना वर्गात हे हळूच सांगावं लागतं.

पायरी ३ : आवाज, आणि देवनागरीची गंमत

'बल्गेरिया' या नावातच एक स्वर असा आहे, जो इटालियन, स्पॅनिश माणसाला महिनोन्‌महिने जमत नाही. तो स्वर म्हणजे आपला साधा 'अ'. 'सम' (मी आहे), 'दोबर देन' (नमस्कार), 'कदे' (कुठे) यांत तोच आहे. बल्गेरियनमध्ये त्याला स्वतंत्र अक्षर आहे. देवनागरीत तो लिहायलाच लागत नाही, व्यंजनात आपोआप बसलेला असतो. मराठी विद्यार्थ्याला एवढं एक वाक्य सांगा, प्रश्न संपला.

तसंच च आणि त्स. बल्गेरियनमध्ये ही दोन अक्षरं आहेत. मराठीत अक्षर एकच, पण 'चहा'चा च वेगळा आणि 'चोर'चा च वेगळा हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. हिंदी भाषक इथे अडखळतात, आपण नाही.

आपण अडखळतो ते 'झ' आणि 'झ़'मध्ये. 'झ़ेना' म्हणजे बाई, पण आपली माणसं 'जेना' म्हणतात नाहीतर साधा झ लावतात. दररोज दोन मिनिटं 'झ़ेना, झ़ीवोत, मोझ़े' म्हणून घ्या.

आघाताकडे मात्र कोणाचंच लक्ष नसतं आणि तिथेच घोटाळे होतात. 'वल्ना' या शब्दात जोर आधीच्या अक्षरावर दिला तर लोकर, शेवटच्यावर दिला तर लाट. छापील मजकुरात आघाताची खूण नसते. म्हणून तुम्ही फळ्यावर प्रत्येक शब्द लिहिताना खूण करा, नियम म्हणून. मी पहिली दोन वर्षं आळस केला, आणि त्या वर्षांतले विद्यार्थी अजून समुद्रात लोकरी मोजतात.

पायरी ४ : मान हलवणं बंद

बल्गेरियात 'हो' म्हणताना मान आडवी हलवतात आणि 'नाही' म्हणताना वर-खाली. आपली ती गोल गोल डुलणारी मान यात मिसळली की काय होतं ते मी बेकरीत अनुभवलंय. "इमा ली बानित्सा?" असं विचारलं. म्हणजे बानित्सा (चीज भरलेला पापुद्र्यांचा पदार्थ) आहे का? बाईने मान आडवी हलवली आणि मी तोंड पाडून निघाले. तिने मागून हाक मारली, हातात कागदात गुंडाळलेली बानित्सा. भरीला, परदेशी माणूस दिसला की काही बल्गेरियन मुद्दाम आपली पद्धत बदलतात, त्यामुळे अंदाजही बांधता येत नाही. वर्गात नियम करा: मान हलवायची नाही, 'दा' किंवा 'ने' तोंडाने म्हणायचं. शिक्षकानेही. "समजलं का?" या प्रश्नाला आलेल्या डोलणाऱ्या मानांवर विश्वास ठेवून मी कित्येक धडे पुढे रेटलेत.

पायरी ५ : पहिली क्रियापदं 'आम'वाली

शाळेच्या व्याकरणात बल्गेरियनचे नऊ काळ मोजतात. मी दुसऱ्याच तासाला नवांचा तक्ता छापून वाटला होता. सातांपैकी तिघं पुढच्या तासाला आले. तक्ता चुकीचा नव्हता, वेळ चुकीची होती.

सुरुवात 'आम'ने संपणाऱ्या क्रियापदांनी करा, ती सर्वांत सरळ चालतात: इमाम (माझ्याकडे आहे), इस्काम (मला हवंय), राझबिराम (मला समजतं), काझवाम (सांगतो), ओतीवाम (जातो), कुपुवाम (विकत घेतो). इस्काम, इस्काश, इस्का. बस.

मग लगेच 'दा'. बल्गेरियनमध्ये 'पिणे', 'जाणे' असं मूळ रूप नाहीच. शब्दकोशातही 'मी पितो' हेच रूप सापडतं. 'मला कॉफी प्यायची आहे' म्हणजे "इस्काम दा पीया काफे", शब्दशः 'मी इच्छितो की मी पितो कॉफी'. तुला प्यायची असेल तर "इस्काश दा पीएश". दोन्ही क्रियापदं बदलतात. इंग्रज आणि युक्रेनियन विद्यार्थी मूळ रूप शोधत राहतात. त्यांना सांगा की ते हरवलेलं नाही, इथे ते नसतंच.

'त्र्याब्वा' (पाहिजे, लागतं) आणि 'मोझ़े' ही दोन रूपं माणसागणिक बदलत नाहीत, म्हणून नवख्याला वरदान. 'मोझ़े'चं भाषांतर मी मराठी विद्यार्थ्यांना 'चालेल' असं देते. तंतोतंत बसतं. "मोझ़े ली एद्नो काफे?" म्हणजे एक कॉफी मिळेल का? समोरून उत्तर: "मोझ़े." तसंच 'इमा' आणि 'न्यामा' म्हणजे आपलं 'आहे' आणि 'नाही'. दुकानात एवढ्यावर दिवस निघतो.

पायरी ६ : लिंग आणि शेपटी

तीन लिंगं आहेत, तोय, त्या, तो म्हणजे आपले तो, ती, ते. मराठी माणसाला याचं काहीच वाटत नाही, इंग्रज माणसाला घाम फुटतो. शिवाय मराठीपेक्षा सोपं: व्यंजनाने संपला तर बहुधा तो, आ किंवा याने संपला तर ती, ओ किंवा एने संपला तर ते. अपवाद थोडे आहेत, 'बाश्ता' (वडील) हा आकारान्त असून पुल्लिंगी, 'नोश्त' (रात्र) व्यंजनान्त असून स्त्रीलिंगी. आले की सांगा, यादी देऊ नका.

'ते ठरावीक' असं दाखवणारी शेपटी मात्र शब्दाच्या मागे लागते. क्नीगा म्हणजे पुस्तक, क्नीगाता म्हणजे ते पुस्तक. सेलो (गाव), सेलोतो. होरा (माणसं), होराता. विशेषण पुढे आलं की शेपटी उडी मारून त्याला लागते: नोवाता क्नीगा. हे समजावायला सर्वांत चांगली जागा सोफियाची मेट्रो. दारं बंद होताना आवाज येतो, "व्निमानीए, व्रातीते से झात्वार्यात". 'व्राती' म्हणजे दारं, त्याला 'ते'ची शेपटी. रोज दोनदा कानावर पडणारं वाक्य, फुकटचा गृहपाठ.

पुल्लिंगी शब्दाला दोन शेपट्या आहेत, एक पूर्ण आणि एक आखूड, आणि कुठे कोणती लिहायची याचा नियम बल्गेरियन मुलांच्या शाळेत छडीसारखा वापरतात. तुम्ही त्याला हात लावू नका. बोलताना तो फरक फारसा ऐकूही येत नाही. ज्याला परीक्षा द्यायची आहे त्याला वर्षभराने शिकवा.

पायरी ७ : 'मला' हे तुमचं हुकमी पान

सगळ्या लेखात मला खरं तर हेच सांगायचं होतं. बल्गेरियन शिक्षक बल्गेरियन व्याकरणातून शिकवतात, ते त्यांना शाळेत आलेलं असतं. तुम्ही समोरच्याच्या भाषेत आधीच काय आहे ते शोधा आणि तिथून चढायला सुरुवात करा.

माझ्या वर्गातला प्रसंग. डिसेंबर, हीटर बंद पडलेला. इंग्रज बाई कुडकुडत म्हणाल्या, "अझ सम स्तुदेना." वर्गातली एक सोफियाची मुलगी, जी मदतीला येते, ती हसू दाबायला खिडकीकडे वळली. त्या वाक्याचा अर्थ 'मी थंड बाई आहे' असा होतो. मी मराठी विद्यार्थिनीला विचारलं, "तू काय म्हणशील?" ती म्हणाली, "स्तुदेनो मी ए." कुठून आणलंस? "मी थंड आहे असं कोण म्हणतं, मला थंडी वाजते ना."

बरोबर तेच. "स्तुदेनो मी ए", मला थंडी वाजतेय; इथला 'मी' म्हणजे 'मला'. "स्पी मी से", मला झोप येतेय. "हारेस्वा मी", मला आवडतं, आणि क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलतं, आपल्यासारखंच. यावरची कळसाची गोष्ट: "यादे मी से" म्हणजे 'मला खावंसं वाटतंय', "पीए मी से" म्हणजे 'प्यावंसं वाटतंय'. इंग्रजीतून समजावायला अर्धा तास लागतो. मराठी माणसाला 'वंसं वाटतं' एवढं म्हटलं की तो स्वतःच वाक्यं पाडायला लागतो.

'मी, मे, से, गो' हे चिमुकले शब्द वाक्याच्या सुरुवातीला एकटे उभे राहू शकत नाहीत. "काझवाम से" (माझं नाव) बरोबर, "अझ से काझवाम" बरोबर, "से काझवाम" चूक. आपला 'च' वाक्य सुरू करत नाही तसंच. नियम इतकाच सांगा आणि बाकी पूर्ण वाक्यं तोंडपाठ करून घ्या: "श्ते ती से ओबाद्या", तुला फोन करीन. त्यातले चार तुकडे कुठल्या क्रमाने का, हे नंतर विचारतील त्यांना सांगा. बहुतेक विचारत नाहीत.

पायरी ८ : वाचलं आणि वाचून काढलं

जवळपास प्रत्येक क्रियापदाची जोडी असते, एक चालू क्रियेचं, एक पुरं झालेल्याचं. पुस्तकं इथे मोठमोठ्या संज्ञा वापरतात. मराठीत 'वाचलं' आणि 'वाचून काढलं', 'खाल्लं' आणि 'खाऊन टाकलं' हा फरक आपण दिवसभर करतो. "चेतोह क्नीगाता", पुस्तक वाचत होतो, संपलं की नाही विचारू नका. "प्रोचेतोह क्नीगाता", वाचून काढलं. रोजची सवय असेल तर "व्सेकी देन कुपुवाम ह्ल्याब", रोज पाव घेतो. आत्ता एक घ्यायचा असेल तर "इस्काम दा कुप्या ह्ल्याब". जोड्या नेहमी अशा वाक्यांतच द्या. सुट्ट्या जोड्यांची दोन रकानी यादी कोणाच्याही डोक्यात राहिलेली मी पाहिली नाही.

पायरी ९ : 'म्हणे'

बल्गेरियनमधली सर्वांत भीतीदायक समजली जाणारी गोष्ट म्हणजे ऐकीव माहितीसाठी असलेलं क्रियापदाचं वेगळं रूप. तुम्ही स्वतः पाहिलं असेल तर "इवान से ओझ़ेनी", इवानचं लग्न झालं. शेजारणीकडून कळलं असेल तर "इवान से ओझ़ेनील", इवानचं लग्न झालं म्हणे. आपण 'म्हणे' जोडतो, ते क्रियापदच बदलतात. म्हणून गोष्टींची सुरुवातही याच रूपात होते: "इमालो एद्नो व्रेमे". आटपाट नगर होतं. सांगणाऱ्याने ते नगर पाहिलेलं नसतं, त्याची कबुली पहिल्याच शब्दात.

हे बोलायला शिकवण्याची घाई नको, पण ओळखायला लवकर शिकवा. कारण शेजारणी भाषेची पातळी विचारून बोलत नाहीत.

वर्ग मिश्र असेल तेव्हा

रशियन जाणणारे पहिल्या महिन्यात सगळ्यांच्या पुढे असतात आणि मग त्यांना नेमकं तेच नडतं. रशियनमध्ये 'नाप्रावो' म्हणजे उजवीकडे, बल्गेरियनमध्ये सरळ. 'गोरा' तिकडे डोंगर, इकडे जंगल. 'स्तोल' तिकडे टेबल, इकडे खुर्ची. 'झ़ीवोत' तिकडे पोट, इकडे आयुष्य. 'बुल्का' तिकडे पावाचा गोळा, इकडे नवरी. त्यांच्यासाठी अशी वेगळी वही ठेवा, आणि शेपटीवर दुप्पट वेळ द्या, कारण त्यांच्या भाषेत ती नाही.

मराठी माणसांसाठीही अशी वही हवी. 'काका' म्हणजे थोरली बहीण आणि 'बाबा' म्हणजे आजी. कुटुंबाच्या धड्यात "माझे बाबा पुण्याला असतात" असं सांगणाऱ्या मुलाकडे इथली माणसं आजीची तब्येत विचारतात. पण तुर्कीच्या वाटेने आलेले शब्द हातात आयते मिळतात: पाझार, सापून, सांदक (संदूक), मेग्दान (गावचं मैदान), जुनी माणसं म्हणतात ते द्युक्यान, आणि तेफ्तेर, जो आपल्या दफ्तराच्या घराण्यातला. 'केफ' म्हणजे मजा, आपला कैफ. पहिल्याच तासाला असे दहा शब्द फळ्यावर लिहिले की मराठी विद्यार्थ्याचा खांदा जरा सैल होतो.

संबोधनाचं त्यांना शिकवावं लागत नाही. 'ती' आणि 'वीए', म्हणजे तू आणि तुम्ही. अनोळखी आणि वयाने मोठ्यांना 'वीए'. शिक्षिकेला "गोस्पोझ़ो" म्हणतात, बाई म्हटल्यासारखं.

चुका, आकडे, बाजार

बोलताना मधेच चूक दाखवली की मोठा माणूस गप्प होतो आणि उरलेला तास गप्पच राहतो. मी कागदावर टिपते आणि शेवटच्या दहा मिनिटांत, कोणाची चूक ते न सांगता, फळ्यावर लिहिते. वर्ग दीड तासाचा. पहिली पंधरा मिनिटं आठवड्यात बल्गेरियनमधून काय घडलं याच्या गप्पा, आणि इथे कोणी इंग्रजीत घसरलं तर घसरू देते.

आकड्यांसाठी पुस्तकातले संवाद तपासून घ्या. १ जानेवारी २०२६ पासून इथे युरो आहे, पण जुन्या पुस्तकांत सगळी खरेदी 'लेवा'त चालते. तोटा एवढाच की 'पेत लेवा' म्हणताना संख्येनंतरचं खास रूप आपोआप पाठ व्हायचं, 'एव्रो' मात्र बदलतच नाही. ते रूप आता 'द्वा ह्ल्याबा' (दोन पाव), 'त्री किलोग्रामा' (तीन किलो) यांवरून घ्या. त्याची भरपाई दोन युरोच्या बल्गेरियन नाण्याने होते. त्याच्या कडेवर कोरलंय "बोझ़े पाझी बल्गारिया", देवा, बल्गेरियाचं रक्षण कर. तीन शब्दांत संबोधन, आज्ञार्थ आणि तो आपला 'अ'. वर्गात नाणं फिरवा, भिंगातून वाचायला लावा. तोंडावर पाइसी आहेत, ज्यांनी १७६२ साली बल्गेरियनांचा इतिहास लिहिताना स्वतःच्या भाषेची लाज वाटणाऱ्यांना चांगलं फैलावर घेतलं होतं.

दोन महिन्यांनी वर्ग झ़ेन्स्की पाझारला न्या, म्हणजे बायकांच्या बाजारात. प्रत्येकाला एक वस्तू आणि तीन वाक्यं. तुम्ही लांब उभं राहायचं आणि कितीही वाटलं तरी मदतीला जायचं नाही. आणि आधी एक गोष्ट नक्की शिकवा, जी मी विसरले होते. भाजीवाली वस्तू दिल्यावर हमखास विचारते, "ओश्ते नेश्तो?" अजून काही? आमच्या नागपूरच्या मुलाने टोमॅटो अगदी सुंदर मागितले. मग हा प्रश्न आला. त्याला समजला नाही, पण 'मोझ़े' येत होतं. "मोझ़े," तो म्हणाला. बाईने किलोभर लाल मिरच्या पिशवीत भरल्या. "ओश्ते नेश्तो?" "मोझ़े." वांगी आली. तिसऱ्यांदा त्याने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी नियम मोडून पुढे गेले आणि म्हणाले, "तोवा ए व्सिच्को." एवढंच.

वांग्यांचं भरीत पुढच्या तासाला डब्यातून आलं.